तापणारी स्टॉप केबल

काकांची एमएम ५४० जीप आमच्या गॅरेजच्या दारात आली ती दोघा गड्यांच्या धक्क्यावर. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी त्यांची काजूची बाग आहे आणि बागेत जायचा रस्ता असा, की पावसाळ्यात फोर-व्हील टाकल्याशिवाय गाडी वर चढत नाही. जीप नुकतीच नवी करून आणलेली. बॉडी उतरवून चासीला सँडब्लास्ट, त्यावर पावडर कोटिंग, बॉडीला करडा रंग. दिसायला अशी झाली होती, की शेजारच्या टायरवाल्याने हातातलं काम टाकून फोटो काढले.

"बॅटरी नवीन, सेल्फ नवीन, डायनमो उघडून बघितला," काका म्हणाले. "तरी सकाळी सेल्फ मारला की दोनदा गुरगुरतो आणि गप्प. मेस्त्री, आता इंजिनच नवीन घेऊ काय?"

डिझेलला स्पार्क प्लग नाही. सिलिंडरातली हवा दाबली जाऊन तापली तरच डिझेल पेटतं, आणि सेल्फ रेंगाळला की हवा तेवढी तापत नाही. त्यात सकाळच्या गारव्यात सिलिंडर आधी तापवणारे हीटर प्लगही अर्धवट तापत असणार, कारण त्यांचा करंटही इंजिनमधूनच परत जातो. पण हे मागाहून जुळलं. आधी पोराला म्हटलं, दोन-तीनदा सेल्फ मार, मी आवाज ऐकतो. त्याने मारला, मग डॅशवरची स्टॉपची मूठ आत आहे ना हे बघायला हात लावला आणि "आई गं" करून झटकन मागे घेतला.

या जुन्या जीपला इंजिन बंद करायला एक ओढायची मूठ असते. तिची केबल डॅशमधून निघून थेट डिझेल पंपावर जाते. तिच्यात वीज नाही, फ्यूज नाही, काही नाही. सायकलच्या ब्रेकला असते तशी आत तार आणि बाहेर स्प्रिंगचं वेटोळं. बॉनेट उघडून मी ती केबल बोटाने चाचपत गेलो. पंपाजवळच्या क्लॅम्पपाशी वरचं काळं प्लास्टिक मऊ पडून बोटाला चिकटलं.

"शॉर्ट आहे काय कुठे?" काकांनी विचारलं.

शॉर्ट नव्हता. बिचारी केबल दुसऱ्याचं ओझं वाहत होती. डिझेलचा सेल्फ एका दमात दोन-तीनशे अँपिअर ओढतो. तो करंट प्लसच्या जाड केबलने जातो हे सगळ्यांना दिसतं. परत बॅटरीकडे यायलाही त्याला तेवढाच मोठा रस्ता लागतो, त्याला आम्ही अर्थ म्हणतो, आणि तिकडे कोणी बघत नाही. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं, बॉडीही रबरावर बसलेली. म्हणजे इंजिन, चासी आणि बॉडी असे तीन वेगळे लोखंडी तुकडे, आणि त्यांना जोडणाऱ्या एक-दोन विणलेल्या तांब्याच्या पट्ट्या. पट्टीने दगा दिला की करंट मिळेल त्या वाटेने घुसतो. स्टॉप केबल, अ‍ॅक्सिलरेटरची केबल, स्पीडोमीटरची केबल, जे जे इंजिनपासून बॉडीपर्यंत पोचतं ते सगळं त्याला चालतं. पावसात घाटात असताना अ‍ॅक्सिलरेटरची केबल अशी तापून आत अडकली असती तर काय झालं असतं, ते मी काकांना सांगितलं नाही.

आता मोजणी. इथे बरेच जण मीटर ओहमवर लावतात, इंजिन आणि बॅटरीच्या मायनसला पिना टेकवतात, मीटर शून्याच्या आसपास दाखवतो आणि अर्थ ओके म्हणून मोकळे होतात. त्या मोजण्याला काही किंमत नाही. एका ओहमचा शंभरावा भाग एवढा जरी अडथळा असला तरी २०० अँपिअरला तिथे २ व्होल्ट खाल्ले जातात, आणि साध्या मीटरच्या नुसत्या पिनांचाच अडथळा त्याच्या कितीतरी पट असतो. म्हणून मीटर डीसी व्होल्टवर, एक पिन बॅटरीच्या मायनस खांबावर (केबलच्या टोपीवर नाही, खांबावरच), दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि पोराला सांगायचं, मार सेल्फ. काकांच्या जीपला आकडा आला २.८ व्होल्ट. अर्धा व्होल्ट आला तरी मी पाना हातात घेतो. प्लसच्या बाजूला फक्त ०.३. आणि बॅटरी स्वतः सेल्फ चालू असतानाही ११.१ वर ताठ उभी. म्हणजे बॅटरी द्यायला तयार होती, सेल्फला जेमतेम ८ व्होल्ट मिळत होते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, तशी काकांची बॅटरी आणि सेल्फची दोन्ही बिलं.

गाडीखाली शिरलो. इंजिन ते चासी पट्टी होती, नवीकोरी होती, पण बसवली होती थेट पावडर कोटिंगवर. ते कोटिंग म्हणजे भट्टीत भाजलेलं प्लास्टिकच, लोखंडाला थिंबल, म्हणजे पट्टीच्या टोकाची धातूची कडी, टेकतच नव्हतं. जो काही संपर्क होता तो बोल्टच्या दोन-चार आट्यांमधून. चासी ते बॉडी पट्टी तर नव्हतीच. रंगवाल्याने काढली असणार आणि परत लावायची राहिली असणार. ज्याला ते काळं-हिरवं झालेलं चिंधूक कशासाठी होतं हे माहीत नाही, त्याने ते का जपून ठेवावं?

मायनसची मूळ केबल मात्र जुनीच ठेवली होती. टोकाकडचं रबर सोललं तर आत तांबं ताकातल्या पितळेसारखं कळकलेलं. मी अजून मागे सोलत गेलो, वीतभर आतपर्यंत हिरवं. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यानंतर अशा वायरी आम्ही रोज बघत होतो. पाणी तारांच्या मधल्या फटीतून वर चढतं. बाहेरून रबर धडधाकट आणि आत भुकटी. अशा केबलला नुसतं नवं थिंबल दाबून देणारे आहेत. मी देत नाही, गिऱ्हाईक कितीही घासाघीस करो.

बॅटरीचा मायनस आधी सोडला. नवी ३५ स्क्वेअर मिलिमीटरची केबल कापून दोन्ही टोकांना थिंबल क्रिम्प केली आणि ती चासीवर न नेता सरळ सेल्फच्या माउंटिंग बोल्टवर नेली. सगळ्यात जास्त करंट जिथे लागतो तिथूनच परतीचा रस्ता सुरू झालेला बरा. मग इंजिन ते चासी आणि चासी ते बॉडी अशा पट्ट्या. बोल्टभोवतीचं कोटिंग थिंबलाएवढंच खरवडायला लागलो तेव्हा काकांचा जीव खालीवर होत होता. "अहो, नवीन काम आहे!" चकचकीत लोखंड दिसेपर्यंत पॉलिश पेपर, मध्ये दातेरी वॉशर, बोल्ट आवळून झाल्यावर वरून ग्रीस आणि रंगाचा हात. रंग आधी आणि बोल्ट नंतर केलं की जे होतं, ते समोर उभंच होतं.

सेल्फ मारला. इंजिन-मायनसमध्ये ०.१५. जीप अशी फिरली की पोरगा दचकला.

मला वाटलं काका आता निघतील. ते म्हणाले, "मागचे दिवे पण जरा बघा. पार्किंग चालू असताना ब्रेक दाबला की उजवा दिवा विझतो."

हा तर अर्थचा हुकमी चाळा. मागच्या २१/५ वॅटच्या बल्बमध्ये ब्रेकची आणि पार्किंगची अशा दोन जळणाऱ्या तारा, पण अर्थ एकच. तो तुटला की पार्किंगचा करंट त्याच बल्बच्या ब्रेकच्या तारेतून उलटा शिरून दुसरीकडे वाट शोधतो, आणि ब्रेक दाबला की त्या वाटेवरही प्लस येऊन दिवा विझतो. दिव्याचा खोका फायबरच्या नव्या पॅनलवर बसवलेला, अर्थ येणार कुठून? दोन्ही बाजूंना वेगळी वायर ओढली. पुढच्या हेडलाइटलाही तेच केलं, तिथे मायनसकडे १.३ व्होल्ट जात होते. बल्बचा व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटला तर उजेड तीस टक्क्यांच्या आसपास कमी होतो, आणि आपण बल्बला शिव्या देत मोठ्या वॅटचा आणतो.

शेवटी राहिला डिझेलचा काटा. टाकीतल्या फ्लोटलाही अर्थ हवा, आणि टाकीही त्याच कोटिंगवर आवळलेली. म्हटलं, अर्ध्या तासाचं काम आहे, करून टाकतो.

"नको," काका म्हणाले. "डिझेल मी काठी घालून बघतो. काट्यावर विश्वास ठेवायला लागलो की घाटात उभा राहीन."

मी बिलातून ती ओळ खोडली.