माझगाव डॉक आणि मधली २३ वर्षं
हल्ली माझगाव डॉकचं, म्हणजे मुंबईतल्या जहाजं बांधणाऱ्या सरकारी कंपनीचं, नाव काढलं की समोरचा आधी शेअरचा भाव विचारतो. २०२० ला आयपीओ, म्हणजे शेअरची पहिली विक्री, १४५ रुपयांना आला, ज्यांनी धरून ठेवला त्यांचं भलं झालं, चांगलंच आहे. पण मी वाढलो डॉकयार्ड रोड स्टेशनजवळ आणि काका डॉकात वेल्डर, त्यामुळे आमच्या घरात डॉकचा विषय निघायचा तो कामाचाच.

इथली पहिली गोदी १७७४ ची, ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातली, छोटीशी. कंपनी म्हणून नोंदणी १९३४ ला, मालक ब्रिटिश, काम मुख्यतः दुरुस्तीचं. १९६० ला भारत सरकारने ती घेतली आणि डागडुजी करणाऱ्या यार्डाला थेट युद्धनौका बांधायला सांगितली, केवढं धाडस म्हणायचं! लिअँडर क्लास या युद्धनौकेचं डिझाईन ब्रिटिशांचं, पण १९७२ ला नौदलात आलेली आयएनएस नीलगिरी माझगावची. मग १९८३ ला गोदावरी, १९९७ ला दिल्ली. मधल्या काळात बॉम्बे हायला तेल लागलं तेव्हा समुद्रातले प्लॅटफॉर्मसुद्धा यांनीच बांधले.

काकांचा अभिमानाचा विषय मात्र शल्की. भारतात बांधलेली पहिली पाणबुडी, जर्मन डिझाईनची, १९९२ ला नौदलात आली. पाणबुडीचा हल (कवच) म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या जाड स्टीलच्या रिंगा. ते स्टील आधी तापवायचं, वेल्डिंगचे रॉड ओव्हनमधून काढून लगेच वापरायचे, कारण जराशी ओल राहिली तरी नंतर जॉइंटला बारीक तडा जातो. वेल्ड झाला की त्याचा एक्स-रे. त्यात एक बुडबुडा दिसला की तेवढा भाग ग्राइंडरने खोदून काढायचा आणि परत भरायचा, शिफ्ट संपत आली असली तरी. खोल पाण्यात पाण्याचा दाब त्या जॉइंटवरही येणार ना.

१९९४ ला दुसरी, शंकुल, झाली आणि काम थांबलं. कमिशनच्या, म्हणजे दलालीच्या, आरोपांमुळे पुढच्या दोन बोटींचं आधीच बारगळलं होतं. फ्रेंच डिझाईनच्या स्कॉर्पिन पाणबुड्यांचा करार थेट २००५ ला, आणि त्यातली पहिली कलवरी नौदलात आली डिसेंबर २०१७ ला. करार झाला तोवर काकांच्या गँगमधले काही गल्फला गेलेले, बाकीचे रिटायर, मग नवीन पोरांना पाणबुडीचं वेल्डिंग पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागलं. पैसा गेला तर परत उभा करता येतो हो, पण असा तयार झालेला हात वाया गेला याचं मला अजून वाईट वाटतं.

१५ जानेवारी २०२५ ला मुंबईत सुरत आणि नवी नीलगिरी या युद्धनौका आणि वागशीर ही पाणबुडी, तिन्ही एकाच दिवशी नौदलात आल्या, तिन्ही माझगावच्याच. वागशीर ही सहा स्कॉर्पिनमधली शेवटची. म्हणजे आता पुन्हा तीच वेळ आलीये. कलवरीपासून वागशीरपर्यंत शिकलेली पोरं आज ऐन उमेदीत आहेत, पुढच्या पाणबुड्यांचं काम ती रिटायर व्हायच्या आत नाही, आत्ताच सुरू झालं पाहिजे.