टकली लिंबं

रविवारी दुपारी लेकीने केकची कृती मोबाईलवर उघडून माझ्या नाकासमोर धरली. मैदा, लोणी, साखर, इथवर सगळं ठीक. पुढे होतं, ‘दोन लिंबांची साल किसून. फक्त पिवळा भाग, पांढरा नको, कडू होतं.’ मी टोपलीतली दोन लिंबं उचलली आणि खोबऱ्याच्या किसणीवर घासली. तिसऱ्या घासणीला पांढरं लागलं, पाचव्या घासणीला माझं बोट.

लिंबाला काय बोलणार? आपलं लिंबू कागदी, नावातच सांगून ठेवलंय. कागद किसून किसून किती किसाल? कृती लिहिणाऱ्या बाईंच्या डोळ्यांपुढे ते जाड सालीचं, दोन्हीकडे निमुळतं, गुळगुळीत परदेशी लिंबू असणार. आपल्याकडे तेवढी साल ईडलिंबाला, आणि ते हवं त्या दिवशी मंडईत मिळेल तर शपथ.

शेवटी डब्याच्या तळातून जायफळाची किसणी शोधून काढली. वर्षातून दोनदा, श्रीखंडापुरती बाहेर येते बिचारी. पण दात बारीक. लिंबू हलक्या हाताने फिरवत, एका जागी दुसऱ्यांदा न घासता, चमचाभर ओला भुगा निघाला. त्यातला अर्धा किसणीतच अडकला, तो ताटावर आपटून काढला. मग साखरेत घालून बोटांनी चोळायचा. सालीतलं तेल साखरेत उतरतं. साखर जराशी ओलसर झाली आणि असा काही वास सुटला की हॉलमधून नवरा विचारायला आला, लोणचं घालतेयस का?

कॅनडातल्या ऑटाव्यात सुतारी हत्यारांचं दुकान असलेल्या लॉरेन ली नावाच्या बाई होत्या. 1994 साली केकसाठी संत्र्याची साल किसताना त्या जुन्या किसणीला इतक्या वैतागल्या, की नवऱ्याने दुकानातून घरी आणलेली लाकूड घासायची कानसच त्यांनी उचलली. साल अशी भुरभुर पडली, की ती कानस पुढे स्वयंपाकघरातलीच होऊन बसली. आमच्या घरी हे घडणं शक्य नव्हतं. सुताराने आजीला कानशीला हात लावू दिला नसता आणि आजीने कानशीला उंबरा ओलांडू दिला नसता.

वासावरून अमरावतीचं घर आठवलं. मृग बहाराची संत्री यायची ती फेब्रुवारी-मार्चात, नेमकी परीक्षेच्या तोंडावर, आणि भारनियमनालाही तोच मुहूर्त. मेणबत्तीभोवती आम्ही तिघं भावंडं अभ्यासाला. साल दुमडायची आणि ज्योतीकडे धरून पिळायची. चर्र! फुलबाजी निघावी तशा ठिणग्या. इतिहासाच्या वहीवर त्याचे ठिपके होते. दादाचा नेम ज्योतीवर कमी आणि माझ्या डोळ्यावर जास्त. मी भोकाड पसरलं की आतून आई ओरडायची, “घ्या, डोळे फोडून घ्या एकमेकांचे!”

आजी काही बोलायची नाही. ती खाली पडलेल्या साली वेचायची. संत्र्याच्या वाळवून उटण्याला. लिंबाच्या, पिळून झालेल्या, मीठ लावून तांब्याच्या बंबाला, आणि त्यातूनही एखादी उरली तर आमच्या कोपरांना. बंब चकाकायचा, कोपरं तशीच राहायची.

तिच्या लेखी साल खायची ती फक्त लोणच्यात, आणि तिथे तिच्याइतकी शिस्त कुणाची नसेल. फोडी मीठ लावून बरणीत, बरणी रोज उन्हात, रोज हलवायची. साल नखाने दबेपर्यंत साखरेचं नाव काढायचं नाही. “सालीला घाई चालत नाही,” असं म्हणून ती बरणीचा दादरा परत बांधायची. ताप उतरल्यावर मऊ भाताबरोबर ते लोणचं मिळायचं. मी तेव्हा पाक चाटून फोड ताटाच्या कडेला ठेवत असे. आता पाक ठेवते आणि फोड खाते. हा बदल नक्की कधी झाला, लक्षात नाही.

केक चांगला फुगला. लेकीने पहिला तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले, आणि म्हणाली, “आई, मस्त झालाय. फक्त थोडासा भांड्यांच्या साबणासारखा वास येतोय.”

मी चिडणार होते. पण वास घेऊन पाहिला तर खरंच येत होता. सालीच्या तेलातलं लिमोनीन नावाचं सुगंधी द्रव्य साबणाच्या सुगंधातही असतं, त्यामुळे तिचं नाक चुकलेलं नव्हतं. तिच्या आयुष्यात लिंबाचा वास सिंककडून आला, त्याला ती तरी काय करणार? केक मात्र तिने संध्याकाळपर्यंत संपवला.

ओट्यावर दोन टकली लिंबं राहिली आहेत. साल गेली की लिंबू फार टिकत नाही, सुकून गोटी होतं. उद्या पोहे करावे लागतील. परवा वरण-भात.