घाट लेआउट, ओएचई: वजनं लागली, ड्रॉपर सुटे झाले

मंडळी, माझ्या मॉडेल रेल्वेच्या घाट लेआउटवरची ओएचई, म्हणजे रुळांवरची विजेची तार, एकदाची ताणात राहिली! मागच्या नोंदीनंतर तीन आठवडे गेले आणि त्यातले दोन फक्त एका काळ्या डागामागे गेले.

झालं असं की सव्वातीन मीटरच्या सरळ भागावर तार दोन्ही टोकांना पक्की बांधली होती. पहाटे एकदम ताठ, आणि दुपारी दोनला खोलीत एप्रिलचं ऊन तापलं की दोन-तीन मिमी झोल. आधी खांब हलले असं वाटलं. मग हिशोब केला. १५ अंशांनी तापमान वाढलं तर एवढी तांब्याची तार लांबते जेमतेम ०.८ मिमी, पण तेवढ्यानं ताण जवळजवळ सगळा जातो. खऱ्या लाइनवर दीड किलोमीटरचा एक ताणखंड मधोमध अँकर केलेला असतो. ४० अंशांच्या फरकात त्याचं प्रत्येक टोक अर्धा मीटर सरकतं! म्हणून तर टोकाच्या खांबावर पुली आणि वजनांची ती माळ. कॉन्टॅक्ट वायर (इंजिनावरचा पॅन्टोग्राफ, म्हणजे पॅन्टो, जिला घासतो ती खालची तार) आणि कॅटेनरी (तिला धरून ठेवणारी वरची तार), दोन्हींत हजार-हजार किलोचा ताण बारा महिने तसाच राहतो.

शिवाजीनगरला प्लॅटफॉर्मच्या टोकाशी उभं राहून ती वजनं मी सकाळी पाहिली आणि दुपारी पुन्हा. दुपारी ती खाली आलेली स्पष्ट दिसतात. घरी येऊन लगेच बोहरी आळी गाठली, गळाला लावायचं शिसं आणि दोन छोट्या पितळी पुल्या आणल्या. प्रत्येक तारेला अर्धा किलो. झोल गेला तो गेलाच.

पण ठिणग्या राहिल्या. अंधारात इंजिन चालवलं की ठरावीक जागी निळसर चमक. पांढरं सुती कापड दोन बोटांत धरून तारेखालून ओढलं, तर सारख्या अंतरावर काळे ठिपके. मोजले तर प्रत्येक ठिपका बरोब्बर ड्रॉपरखाली, म्हणजे कॅटेनरीवरून खालची तार लटकवणाऱ्या उभ्या तारेखाली! माझे ड्रॉपर दोन्हीकडे सोल्डरचा डाग देऊन घट्ट केले होते. मधल्या भागात पॅन्टो तार सहज उचलतो आणि ड्रॉपरपाशी तीच तार अडून बसते. पॅन्टोला तिथे धक्का बसतो, क्षणभर संपर्क सुटतो, ठिणगी पडते, तार झिजते. ओएचईतले लोक याला हार्ड स्पॉट म्हणतात. वरून ताठ दिसणारी तार चांगली असतेच असं नाही, सगळीकडे सारखी लवचीक असलेली तार चांगली. या छंदात मला सगळ्यात मोलाचं वाटलेलं हेच.

आता ड्रॉपरला वर कॅटेनरीवर सैल कडी केली आहे. पॅन्टो आला की ड्रॉपर किंचित वर सरकतो, गेला की परत लटकतो. बेचाळीस कड्या वळल्या, ०.३ मिमीच्या तारेतून, सुईभोवती. सोबत पॅन्टोची स्प्रिंगही उतरवली. सोनाराच्या छोट्या काट्यावर दाब २२ ग्रॅम यायचा, तो १२ वर आणला. गाळ्याच्या (दोन खांबांमधल्या भागाच्या) मधोमध तार साडेचार मिमी उचलली जायची, आता अडीच.

स्टॅगरही नीट केला. खऱ्या सरळ लाइनवर तार मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना २०० मिमी आलटून पालटून असते, नाहीतर पॅन्टोच्या पट्टीत एकाच जागी खाच पडेल. माझ्या मॉडेलच्या १:८७ या प्रमाणात ते सव्वादोन मिमी होतात. मी तीन ठेवलेत, कारण पट्टी थोडी रुंद आहे आणि झीज पसरलेली बरी.

वळणावर अजून हात घातलेला नाही. भोर घाटातला १:३७ चा चढ आणि त्यावरची वळणं उभी करायची तर गाळे आखूड करावे लागतील, तार बाजूला ओढून धरणारे पुल-ऑफही वाढतील. कोणी अशा वळणावर ०.४ मिमी फॉस्फर ब्राँझ वापरून पाहिली असेल तर खांबांमधलं अंतर नक्की कळवा.

काल रात्री ऐंशी खेपा सलग झाल्या. कापड फिरवलं, सरळ भागात ते पांढरंच राहिलं. फक्त लोणावळ्याकडच्या सेक्शन इन्सुलेटरपाशी (तारेचे दोन विद्युत भाग वेगळे करणाऱ्या तुकड्यापाशी) एक डाग आहे. तिथला सांधा उद्या कानशीनं घासतो.