निम्मं म्हणजे नेमकं किती?

फोटो एडिटरमध्ये चित्राचे थर, म्हणजे लेअर, एकमेकांवर ठेवायचे आणि वरच्याचा ओपॅसिटीचा, म्हणजे तो किती अपारदर्शक हे ठरवणारा, स्लायडर ५० वर आणून सोडायचा, की वाटतं, विषय संपला. अर्धी वरची लेअर, अर्धी खालची, यात वाद घालायला जागाच कुठे आहे? पण तीच फाइल दुसऱ्या एडिटरमध्ये किंवा त्याच एडिटरच्या नव्या व्हर्जनमध्ये जुन्याच लेअर नव्याने रचून बघावी. स्लायडर जागच्या जागी, आकडा तोच, आणि सावली मात्र फिकी पडलेली.

सूत्राला दोष देता येत नाही. ते एका ओळीचं आहे: वरचा रंग गुणिले अल्फा (म्हणजे ओपॅसिटीच, ० ते १ च्या मापात), अधिक खालचा रंग गुणिले एक वजा अल्फा. संगणकावरच्या चित्रांवर काम करणारे अल्व्ही रे स्मिथ आणि एड कॅटमुल यांनी अल्फा ही कल्पना मांडली ती सत्तरच्या दशकाच्या अखेरीस. पुढे १९८४ मध्ये पोर्टर आणि डफ यांनी एका चित्रावर दुसरं चित्र बसवण्याचं सगळं गणित रीतसर मांडून दिलं. फोटोशॉपमध्ये लेअर आल्या त्या त्यानंतर दहा वर्षांनी, ३.० मध्ये. सूत्र तेव्हापासून तेच. पाणी मुरतं ते त्यात कुठले आकडे घालायचे, इथे.

वरची लेअर काळी, खालची पांढरी, वरचीची ओपॅसिटी ५०. उत्तर करडा, हे कुणीही सांगेल. पण कुठला करडा? ८ बिटांच्या चित्रात काळा म्हणजे ० आणि पांढरा म्हणजे २५५, तेव्हा मधला साधारण १२८. हिशोब सरळ आहे, फक्त हे आकडे प्रकाशाच्या प्रमाणात वाढत नाहीत. आपल्या डोळ्याला गडद छटांमधला फरक जास्त कळतो, म्हणून एसआरजीबीमध्ये, म्हणजे पडद्यावरचे रंग आकड्यांत लिहिण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, आकड्यांचा मोठा वाटा गडद छटांना दिलेला असतो. त्यामुळे पडद्यावर १२८ मधून येणारा प्रकाश पांढऱ्याच्या जेमतेम २२ टक्के भरतो. खरोखर निम्मा प्रकाश हवा असेल तर आकडा १८८ लागतो. म्हणजे ५० टक्के एकच आणि उत्तरं दोन. एकाने आकड्यांचा मध्य काढला, दुसऱ्याने प्रकाशाचा. चुकलं कुणाचंच नाही, आणि खरा वैताग तोच आहे.

करड्यात हे एक वेळ खपून जातं. लालभडक लेअरवर हिरवीगार लेअर ५० टक्क्यांनी ठेवा, म्हणजे खरा रंग दिसेल! आकड्यांच्या हिशोबात मळकट, शेवाळी छटा येते, प्रकाशाच्या हिशोबात उजळ पिवळी. लाल जमिनीवर मऊ ब्रशने हिरवा ठिपका उमटवला तर पहिल्या हिशोबात ठिपक्याभोवती काळपट कडं धरतं. लोक ब्रश बदलतात, त्याचा मऊपणा कमीजास्त करतात, कडं काही जात नाही. जाणार कसं? ते ब्रशमध्ये नसतंच.

गिम्प या फुकट मिळणाऱ्या एडिटरने २०१८ मध्ये २.१० काढलं तेव्हा साध्या ‘नॉर्मल’ मोडचं मिश्रण प्रकाशाच्या हिशोबात नेलं आणि ते कडं गेलं. मग आधीच्या फाइलींचं काय? त्या उघडताना त्यांच्या लेअरना जुनाच हिशोब लावायचा, असं ठरलं. मोडच्या यादीशेजारी एक छोटं बटण आलं, त्याने ‘डिफॉल्ट’ (नवा हिशोब) आणि ‘लेगसी’ (जुना) अशी अदलाबदल करता येते. मला यातली माणुसकी आवडली. नवा गडी, नवं राज्य असं म्हणून जुन्या चित्रांचे रंग परस्पर सुधारून टाकणंही शक्य होतं. अर्थात उलटी वाट बंदच. नव्या मोडमध्ये जतन केलेली फाइल आधीचं २.८ उघडत नाही, आणि सगळ्या टीमने एकाच दिवशी अपडेट केलंय असं कधी झालंय?

फोटोशॉपमध्ये तर व्हर्जन बदलायचीही गरज नाही. नेहमीच्या ८ बिटांत रंग आकड्यांनी मिसळतात, ३२ बिटांत गेलात की प्रकाशाने. शिवाय कलर सेटिंग्जमध्ये खाली कुठेतरी गॅमाची, म्हणजे आकडा आणि प्रकाश यांचं नातं ठरवणाऱ्या मापाची, एक चौकट असते, ती टिचकवली की ८ बिटांतलाही हिशोब बदलतो. अक्षरांसाठी तिथेच वेगळी चौकट आहे, आणि तिचा आकडा १.४५. म्हणजे ना धड हे, ना धड ते. पण कारण पटण्यासारखं आहे: निव्वळ प्रकाशाच्या हिशोबात पांढऱ्यावरची काळी अक्षरं अशक्त दिसतात आणि काळ्यावरची पांढरी फुगतात.

भौतिकशास्त्राला विचाराल तर प्रकाशाचा हिशोब बरोबर. पण वेबसाठी काम करणाऱ्याने एवढ्यावर हुरळून जाऊ नये. ब्राउझर ओपॅसिटी अजून आकड्यांच्याच हिशोबाने मिसळतो. एडिटरमध्ये हळुवार केलेली सावली पानावर चढली की गडद होते, ती यामुळे. शिवाय इतकी वर्षं तीच गडद सावली बघून डोळ्यालाही तीच बरी वाटू लागली आहे. ‘बरोबर’ सावली बघून क्लायंट विचारतो, जरा धुतल्यासारखी नाही का वाटत?

निदान ० टक्क्याला तरी वाद नसावा. पण पूर्ण पारदर्शक पिक्सेललाही स्वतःचा रंग असतो, फक्त दिसत नाही. गिम्पच्या इरेजरमध्ये ‘अँटी-इरेज’ची सोय आहे. ती लावून फिरवलं की खोडलेलं परत येतं. पीएनजी काढतानाही तिथे विचारलं जातं, पारदर्शक पिक्सेलचे रंग ठेवायचे का? नको म्हटलं की ते कायमचे गेले.

लेअरवाली फाइल दुसऱ्याच्या हाती देताना मी सोबत त्याच चित्राची सपाट पीएनजीही देतो. ‘माझ्याकडे वेगळं दिसतंय’ असा फोन आला की, पांढऱ्यावर ५० टक्क्यांचा काळा जिथे सलग पसरलाय तिथे कलर पिकर टेकवायला सांगायचं. १२८ आलं तर आकड्यांचा हिशोब, १८८ आलं तर प्रकाशाचा. आणखी तिसरंच काही आलं, तर कुणीतरी स्लायडरला हात लावलाय.