व्हिडिओतला बोल्ट गोड्या पाण्यातला असतो

आउटबोर्ड इंजिनाचा (होडीच्या मागे बाहेरून लावतात ते) इम्पेलर, म्हणजे इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणारी रबरी चकती, कसा बदलायचा याचे जेवढे व्हिडिओ मी पाहिले, त्या सगळ्यांत एक जागा सारखीच आहे. माणूस पाना लावतो, बोल्ट गुमान फिरतो, की लगेच पुढचं दृश्य. इंजिन असतं परदेशातल्या कुठल्यातरी तळ्यावरचं, बोल्ट कालच दुकानातून आणल्यासारखा चकचकीत. वर सांगतात, तासाभराचं काम आहे. आमचं इंजिन वर्सोव्याच्या खाडीत चालतं. तो तास कुठला, हे त्या माणसाला एकदा विचारायचंय.

होडी बाबांची, फायबरची. मागे ९.९ अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड. मी नोकरी करतो अंधेरीला, पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा इंजिन माझ्या ताब्यात येतं. यंदा मेअखेरीसच इंजिनामागून पडणारी पाण्याची धार बारीक झाली होती. ती धार म्हणजे इंजिनाला थंड पाणी मिळतंय याची खूण. आधी तिच्या भोकात जाड तंगूस (नायलॉनचा दोरा) घालून बघायचा, कारण खाडीतला गाळ तिथे बसतो. गाळ काढूनही धार बारीकच राहिली, की रबरी इम्पेलर गेला समजायचं. तो बसतो खालच्या भागात, गिअरच्या डोक्यावर, आणि त्याच्यापर्यंत पोचायला आख्खं लोअर युनिट, म्हणजे गिअर आणि पंख्याचा तो खालचा भाग, खाली उतरवावं लागतं.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. समोरच्याने इंजिन न बघता सांगितलं, लोअर युनिटचा सेटच बदलून टाका. सेट कधी येईल? "बाहेरून येतो, सांगता येत नाही." किंमत ऐकून बाबा म्हणाले, त्यात जुनी होडी येते. कोळीवाड्यातल्या मेकॅनिकला विचारलं तर बंदीच्या दोन महिन्यांत सगळ्यांच्याच बोटी वर ओढलेल्या, त्याच्या दारात रांग. तेव्हा ठरवलं, आपणच उघडायचं.

बाकीचे बोल्ट कसे निघाले ते सांगण्यासारखं काही नाही. निघाले. राहिला एक, मागच्या बाजूचा, पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वर जी लहान पट्टी असते तिच्या आड लपलेला. ही पट्टी काढल्याशिवाय तो दिसतच नाही, आणि तो काढल्याशिवाय युनिट केसभरही हलत नाही. ज्यांना तो माहीत नसतो ते बाकीचे बोल्ट काढून युनिटवर हातोडी मारत बसतात आणि कास्टिंगला तडा पाडतात.

हा बोल्ट अडकतो का, हे समजून घेतल्याशिवाय त्याला हात लावू नका. बोल्ट स्टेनलेसचा, तो ज्यात बसतो ते घर अॅल्युमिनियमचं, मध्ये खारं पाणी. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले की अॅल्युमिनियम खाल्लं जातं आणि त्याची पांढरी भुकटी तयार होते. ही भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते, म्हणजे आट्यांमधली सगळी फट तिने ठासून भरते. बोल्ट वरून ठणठणीत दिसतो. गंज कुठेच नाही. म्हणून माणूस फसतो आणि लांब पाइप घालून जोर लावतो.

मी पहिल्यांदा गंज सोडवायचं तेल मारलं. दुसऱ्या दिवशी परत मारलं. बाजारात मिळणारे सगळे फवारे सांगतात की ते आत झिरपतात. ठासलेल्या भुकटीत काय झिरपणार? तरी मारत राहिलो, कारण बाहेर पाऊस होता, ताडपत्रीखाली बसून दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. मग पंच ठेवून डोक्यावर सरळ ठोके. इथे जोरापेक्षा संख्या महत्त्वाची, भुकटी धक्क्याने तडकते. त्यानंतर पाना लावला तेव्हा काहीतरी हललं. मला आनंद झाला आणि तेवढ्यात हाताला ते मऊ लागलं.

हे "मऊ" कोणताही व्हिडिओ दाखवत नाही. पाना फिरतो, पण बोल्टचं बूड जागचं हलत नाही. मधला दांडा पिळला जातोय. अजून पाव फेरा दिला की डोकं हातात. मी तिथेच पाना खाली ठेवला आणि मला त्याचा आजही अभिमान आहे, कारण त्या क्षणी थांबणं सगळ्यात अवघड असतं. डोकं तुटलं की आत ड्रिल मारावं लागतं, ड्रिल स्टेनलेसवर घसरून बाजूच्या मऊ अॅल्युमिनियममध्ये शिरतं, आणि उलट्या आट्यांचा काढणीचा पाना आत तुटला तर तो एवढा कडक असतो की त्यावर साधं ड्रिल चालतच नाही.

शेजारचे नाखवा येऊन बघून गेले. म्हणाले, "मिठाचा बोल्ट हाय तो. ताकदीनं नाय निघायचा, तापव त्याला." ओळखीच्या एसीवाल्याने गॅस टॉर्च दिला आणि वर म्हणाला, "भाई, खुलेगा नहीं, टूटेगा." टॉर्च परत करताना त्याला मी तो निघालेला बोल्ट मुद्दाम दाखवला.

तापवायचं ते बोल्टला नाही, त्याच्या भोवतालच्या घराला. अॅल्युमिनियमचा एक मीटर लांबीचा तुकडा एका अंशाला साधारण २३ मायक्रॉन वाढतो, स्टेनलेसचा १६-१७. म्हणजे दोन्ही सारखेच तापले तरी भोक बोल्टपेक्षा जास्त मोठं होतं. पण अॅल्युमिनियम लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही. ६६० अंशांला ते वितळतं, आणि मिश्रधातू त्याच्याही आधी मऊ पडतो. ज्वाला सतत फिरवत ठेवायची. पाण्याचा थेंब टाकून बघायचा, तो चर्रकन उडून गेला की पुरे. रंग करपतो, त्याचं दुःख करू नका. आणि हे आधी सांगायला हवं होतं: पेट्रोलची टाकी, नळी, कार्ब्युरेटरमधलं उरलेलं पेट्रोल, सगळं आधीच काढून लांब ठेवायचं. मी इंजिन स्टँडवर घेऊन उघड्यावर काम केलं. चाळीसेक किलोचं धूड आहे, एकट्याने उचलू नका.

तापवून लगेच मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं, तेलापेक्षा बरं शिरतं. मग पहिला जोर उलटा, म्हणजे आवळायच्या दिशेला, अगदी किंचित. मग सोडायच्या दिशेला. थंड होऊ द्यायचं, परत तापवायचं, परत मेण. किती वेळा केलं ते मोजलं नाही. ऑफिसमधून आलो की रोज संध्याकाळी तेच. आईने विचारलं, ह्या इंजिनाला नैवेद्य दाखवतोस का रोज. एका संध्याकाळी कर्र असा कोरडा आवाज आला आणि बोल्ट खरा फिरला. इथेही घाई नको. पाव फेरा बाहेर, थोडा परत आत, पांढरी पूड पुसायची, तेल, परत पाव फेरा. सरळ ओढत नेला असता तर आटेच बाहेर आले असते. आटे गेलेच तर घाबरू नका, मोटारसायकलच्या गॅरेजमध्ये स्पार्क प्लगच्या भोकाला हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, बसवतात, तोच इलाज इथे चालतो.

पुढचं काम खरंच व्हिडिओसारखं झालं. इम्पेलरची दोन पाती तुटलेली होती. तुटलेले तुकडे शोधल्याशिवाय नवा बसवू नका. ते वर जाणाऱ्या पाण्याच्या नळीत अडकून बसतात आणि नवा इम्पेलर घालूनही धार बारीकच राहते. नवा आत सरकवताना ज्या दिशेला शाफ्ट फिरतो त्याच दिशेला फिरवत बसवायचा. इम्पेलरची इवलीशी चावी ग्रीसने चिकटवून ठेवा, वाळूत पडली तर संपलं.

गिअरचं तेल काढलं तर ते कटिंग चहासारखं निघालं. म्हणजे पाणी आत गेलेलं. पंखा काढला, त्याच्यामागे शाफ्टला तंगसाचा गुंडाळा बसलेला, त्याने ऑइल सील कापलेलं. सीलसाठी सर्व्हिस सेंटरची वाट बघायची गरज नाही. जुन्या सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी छापलेली असते. ते आकडे घेऊन मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटला गेलं की मिळतं. आमच्यात दोन सील पाठीला पाठ लावून होती, एक तेल अडवायला, एक पाणी. काढण्यापूर्वी फोटो काढून ठेवा. नवं तेल खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, म्हणजे हवा अडकत नाही. दोन्ही स्क्रूंचे वॉशर नवे घाला, काही रुपयांत मिळतात आणि पुन्हा पाणी शिरायचं एक कारण तेच असतात.

युनिट परत चढवताना गिअर आणि वरचा दांडा एकाच स्थितीत हवेत, नाहीतर गिअर नीट पडणार नाहीत. शाफ्टच्या दातांना बाजूने ग्रीस लावायचं, माथ्यावर नाही. तिथे ग्रीस साचलं की शाफ्ट पूर्ण वर बसत नाही. सगळ्या बोल्टना अँटी-सीझ (बोल्ट पुन्हा अडकू नये म्हणून लावायचा लेप) लावलं, तो डबा आता बाबांच्या जाळ्याच्या सुईशेजारी असतो. चालवून बघितलं पाण्याने भरलेल्या निळ्या पिंपात. कोरडं अजिबात चालवू नका, नवा इम्पेलर बघता बघता जळतो. गोड्या पाण्याने धुण्याचा सल्ला सगळे देतात. आमच्याकडे नळाला पाणी ठरलेल्या वेळी येतं, त्यामुळे दोन बादल्या आधीच भरून ठेवाव्या लागतात.

पान्याबद्दल राहिलंच. जपानी इंजिनांच्या ८ मिलिमीटर बोल्टचं डोकं बरेचदा १२ चं असतं, आपल्या बाजारातल्या साध्या ८ मिलिमीटर बोल्टचं १३ चं. १३ चा पाना ढिला बसतो आणि डोकं गोल करतो. १२ चा सहा कोनी सॉकेट घ्या, बारा कोनी रिंग पाना नको. नागदेवीलाच मिळतो. वर्सोव्यात कोणी माझा मागायला येणार असेल तर आधीच सांगतो, मी तो कोणाला देत नाही.