मोर्चाची परवानगी आणि बाहेर पडण्याची वाट

नागपुरात काढायच्या आमच्या मोर्चाच्या परवानगीपत्रावर सतरा अटी होत्या. मोर्चा ठरलेल्या वेळीच यशवंत स्टेडियमजवळून निघावा, मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर अडवला जाईल तेथेच थांबावा, शिष्टमंडळात पाचपेक्षा अधिक जण नसावेत, प्रतिमादहन करू नये, ध्वनिक्षेपकाचा आवाज मर्यादेत ठेवावा, आणि शेवटी, कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण झाल्यास सर्वस्वी आयोजक जबाबदार राहतील. विनाअनुदानित शाळांतील आमचे सहाशेच्या आसपास शिक्षक त्या दिवशी येणार होते आणि त्यांत तान्ही मुले कडेवर घेतलेल्या शिक्षिकाही होत्या. आम्ही काय करू नये हे त्या पत्राने सतरा वेळा सांगितले होते, पण हे सहाशे जण दिवसभर बसणार त्या जागी पाण्याची सोय काय, आणि गर्दी वाढली तर त्यांनी कोणत्या बाजूने बाहेर पडायचे, यांविषयी त्यात एक ओळही नव्हती.

मी धंतोलीत राहते. एकतीस वर्षे शिकवले आणि निवृत्तीनंतर सहकाऱ्यांचे अर्ज-निवेदने लिहिण्याचे काम आपोआप माझ्याकडे आले. वरील परवानगीसाठी मी बारा दिवस आधी अर्ज घेऊन एका पोलीस ठाण्यात गेले होते. अंमलदारांनी तो आदराने वाचला, पण आवक क्रमांक काही दिला नाही. "मॅडम, साहेब बंदोबस्तात आहेत, उद्या या," असे तीन वेळा झाले आणि अखेर मोर्चाच्या आदल्या रात्री साडेनऊला पत्र हाती पडले. गावोगावहून निघालेल्या लोकांच्या गाड्या तोवर वर्ध्यापर्यंत येऊन पोहोचल्या होत्या. त्या रात्री परवानगी मिळाली नसती तर त्या माणसांना कोणत्या तोंडाने परत पाठवले असते, हा प्रश्न मला अजूनही अस्वस्थ करतो.

मुळात मागितली जाते ती परवानगी नेमकी कशाची, हे समजून घेतले पाहिजे. शांततेने व शस्त्राविना एकत्र जमण्याचा अधिकार राज्यघटनेच्या कलम 19(1)(ख) ने नागरिकाला दिलेला आहे, आणि देशाची सार्वभौमता व एकात्मता किंवा सार्वजनिक सुव्यवस्था यांच्यासाठी त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभा कलम 19(3) ने राज्याला दिलेली आहे. आपल्या राज्यात रोजच्या व्यवहारात हे निर्बंध येतात ते मुख्यतः महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 मधून. त्याच्या कलम 33 खाली मिरवणुकीचा मार्ग, क्रम आणि वेळ ठरवणारे नियम करता येतात, तर कलम 37(3) खाली जमाव किंवा मिरवणूक यांना लेखी आदेशाने थेट मनाई करता येते. पहिले कलम नियमनाचे आहे, दुसरे मनाईचे. मनाई पंधरा दिवसांहून अधिक काळ चालू ठेवायची असेल तर राज्य शासनाची मंजुरी लागते, ही अट कायद्यातच आहे. तरीही एक आदेश संपताच दुसरा पंधरा दिवसांचा आदेश निघतो आणि अपवाद म्हणून दिलेली शक्ती बारमाही होऊन बसते, हा अनुभव आपल्या राज्यातील कोणत्याही मोठ्या शहरातील कार्यकर्ता सांगेल. काश्मीरमधील निर्बंधांच्या प्रकरणात जानेवारी 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 विषयी, म्हणजे जमावबंदीच्या कलमाविषयी, बोलताना असे वारंवार काढलेले आदेश हा अधिकाराचा गैरवापर ठरतो, असे स्पष्ट केले आहे. ते कलम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 163 या क्रमांकाने आले असून 1 जुलै 2024 पासून लागू आहे. क्रमांक बदलला तरी न्यायालयाने सांगितलेली शिस्त बदललेली नाही.

याच 1951 च्या अधिनियमाखाली अहमदाबादेत एक नियम होता, ज्यानुसार सार्वजनिक रस्त्यावर सभा घेण्यास पोलिसांची पूर्वपरवानगी लागे, पण ती कोणत्या कारणाने द्यावी वा नाकारावी याचे कोणतेही मार्गदर्शन त्या नियमात नव्हते. हिमतलाल शहा यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने 1972 मध्ये तो नियम रद्द केला. रस्त्यावरील सभांचे नियमन राज्य करू शकते, मात्र सर्वच रस्ते सभांना बंद करू शकत नाही, आणि जे नियम करायचे ते जमण्याच्या अधिकाराला साहाय्य व्हावे म्हणून करायचे, असा त्या निकालाचा आशय आहे. मला या साऱ्या कायद्यातील सर्वांत मोलाची गोष्ट कोणती वाटते असे विचारले तर मी 'साहाय्य' हा एकच शब्द सांगेन. आमच्या सतरा अटींत नेमके तेच नव्हते.

नागपूरचा अशा मनाईशी असलेला संबंध तर फार जुना आहे. 1923 मध्ये तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे जाणाऱ्या मिरवणुकांना येथील इंग्रज प्रशासनाने मनाई केली आणि त्या मनाईविरुद्ध झेंडा सत्याग्रह उभा राहिला. जमनालाल बजाजांना अटक झाली, देशभरातून स्वयंसेवक येऊन तुरुंगात गेले, पुढे वल्लभभाई पटेलांनी सूत्रे हाती घेतली आणि ऑगस्टमध्ये झेंड्याची मिरवणूक त्याच सिव्हिल लाइन्समधून गेली. विधान भवन आज त्याच भागात आहे, आणि त्याच दिशेने जाणारे मोर्चे आजही त्याच्या अलीकडे थांबवले जातात.

सर्वोच्च न्यायालयाने कलम 144 घटनात्मकदृष्ट्या वैध ठरवले तेही नागपूरच्याच प्रकरणात. कापड गिरण्यांतील दोन कामगार संघटनांच्या वादात जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी जानेवारी 1956 मध्ये, म्हणजे नागपूर अजून मध्य प्रदेशात असताना, जमावबंदीचा आदेश काढला होता. बाबुलाल पराते यांनी त्याला आव्हान दिले आणि 1961 च्या निकालात ते हरले. हा निकाल प्रशासन नेहमी आपल्या बाजूने उद्धृत करते. परंतु ते कलम ज्या कारणांनी टिकले ती कारणे कमी वेळा सांगितली जातात: आदेशात वस्तुस्थिती नमूद करावी लागते, आदेशाची मुदत मर्यादित असते आणि बाधित व्यक्तीला तो मागे घेण्याची मागणी करता येते. तोंडी "उद्या या" यात यांपैकी काहीही बसत नाही.

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहायला बसले तिच्याकडे येते. 23 नोव्हेंबर 1994 रोजी, हिवाळी अधिवेशन सुरू असताना, अनुसूचित जमातीची मान्यता मागण्यासाठी आलेला गोवारी समाजाचा मोर्चा मॉरिस कॉलेज टी-पॉइंटजवळ अडवलेला होता. सकाळपासून भुकेली-तहानलेली माणसे, त्यांत स्त्रिया आणि मुले मोठ्या संख्येने. सायंकाळी लाठीमार झाला, गर्दी एका दिशेने लोटली गेली, कठड्यांमुळे (बॅरिकेडमुळे) वाट उरली नाही आणि 114 जीव चेंगरून गेले. झीरो माइलजवळ त्यांचे स्मारक आहे, सीताबर्डीच्या उड्डाणपुलालाही त्यांचे नाव दिलेले आहे. चौकशीसाठी न्यायमूर्ती दाणी आयोग नेमला गेला. जबाबदारी मात्र कोणावरही निश्चित झाली नाही. त्या संध्याकाळी मी शाळेतून घरी परतत होते. बर्डीच्या बाजूने येणारा प्रत्येक रिक्षावाला एकच गोष्ट सांगत होता आणि दुसऱ्या दिवशी वर्गात मुलींनी विचारले, "बाई, ते लोक पळाले का नाहीत?" कुठे पळणार होते? कठडा मोर्चाला पुढे जाण्यापासून अडवतो हे सर्वांच्या लक्षात असते, पण तोच कठडा मागे फिरणाऱ्यालाही अडवतो, याचा विचार मार्ग ठरवणाऱ्याने आधी करायचा असतो.

मोर्चांमुळे इतरांना होणारा त्रास मला ठाऊक नाही असे कृपया समजू नये. धंतोलीत पावलोपावली रुग्णालये आहेत. 2016 मध्ये माझ्या आईला मेंदूत रक्तस्राव झाला तेव्हा आमची रुग्णवाहिका एका मोर्चामागे बावीस मिनिटे उभी होती आणि मी चालकाच्या शेजारी बसून समोरच्या झेंड्यांकडे पाहत होते. रुग्णालये, न्यायालये आणि शाळा यांच्याभोवतीचे 100 मीटरपर्यंतचे क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून घोषित करण्याची तरतूद 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे आणि तेथे दिवसा 50 डेसिबलची मर्यादा आहे. ती मोर्चातील भोंग्यांनी रोज ओलांडली जाते. सार्वजनिक रस्ता अनिश्चित काळासाठी अडवून ठेवता येत नाही, हे दिल्लीतील शाहीन बाग आंदोलनाच्या प्रकरणातील 2020 च्या निकालाने सांगितले आहे आणि ते मला मान्य आहे. पण त्या दिवशी आईची गाडी अडली ती मोर्चा निघाला म्हणून नाही. मोर्चाच्या एका अंगाने दहा फुटांची पट्टी मोकळी ठेवावी, हे ना आयोजकांना सुचले, ना बंदोबस्ताला. आई वाचली, पण तिचा उजवा हात पुन्हा उचलला गेला नाही.

म्हणून यंदाचा अर्ज मी वेगळ्या रीतीने लिहिला आहे. मार्ग, वेळ, संख्या आणि स्वयंसेवकांची नावे तर दिलीच, पण सोबत हाताने काढलेला नकाशाही जोडला. त्यात रुग्णवाहिकेची पट्टी निळ्या पेनाने दाखवली, पाण्याच्या टँकरची जागा दाखवली आणि कठड्यांमध्ये तीन ठिकाणी मोकळ्या जागा मागून तेथे लाल बाण काढले. परवानगी नाकारायची असल्यास कारण लेखी आणि किमान पाच दिवस आधी कळवावे, अशी विनंतीही केली.

परवा अर्ज देण्यास गेले तेव्हा टेबलावर नवे, तरुण अंमलदार होते. त्यांनी नकाशा दोनदा फिरवून पाहिला आणि विचारले, "मॅडम, हे लाल बाण कशाचे?"

"बाहेर पडण्याचे," मी सांगितले.

ते थोडा वेळ नकाशाकडेच पाहत राहिले. मग त्यांनी दोन्ही प्रतींवर शिक्का मारला, आवक क्रमांक लिहिला आणि एक प्रत माझ्या हाती दिली. उत्तर अजून यायचे आहे.