दहा मीटर, सत्तर क्लिक

तूर सोंगून झाली, चार दिवस हात मोकळे मिळाले, तसा छऱ्याच्या बंदुकीवर स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, चढवायला बसलो. बंदूक स्प्रिंगची, ४.५ मिलिमीटर छऱ्याची. कोठ्यामागं मातीची जाड भिंत आहे. तिला टेकून रेतीची दोन पोती, पुढं फुली मारलेलं वहीचं पान. शेळ्या आत बांधल्या, पोट्टे घरात पिटाळले आणि टेपनं १० मीटर मोजले.

पाच छर्रे मारले. पाचही एका रुपयाच्या नाण्यात मावतील असे, पण फुलीच्या ५ सेंटिमीटर खाली.

डब्यातल्या कागदावर लिहिलं होतं, स्कोपची चकती एक क्लिक, म्हणजे एक खटका, फिरवली की १०० यार्डांवर पाव इंच फरक. ५ सेंटिमीटर म्हणजे २ इंच, म्हणून आठ क्लिक वर फिरवले. छर्रा जागचा हललाच नाही म्हणा ना. आणखी आठ. तेच. दुकानदाराला घरबसल्या दोन शिव्या हासडल्या.

रात्री जेवताना डोक्यात उजेड पडला. १०० यार्ड म्हणजे ९१ मीटर. १० मीटरवर तोच क्लिक जेमतेम ०.७ मिलिमीटर सरकवतो. ५ सेंटिमीटरला सत्तरेक क्लिक लागणार, मी सोळाच दिले होते! आणि खाली का मारते? डोळा नळीच्या ४ सेंटिमीटर वर, छर्रा तिथवर जाता जाता सेंटिमीटरभर पडतो. यात स्कोपचा काय गुन्हा?

सकाळी चोपन्न क्लिक मोजून फिरवले. एकेक क्लिक बोटाला जाणवतो, मोजायला मजा येते. फुलीच्या काठावर लागलं. मग मात्र छर्रे भलतीकडं जाऊ लागले. पाहतो तर स्कोपच पट्टीवरून दोन-तीन मिलिमीटर मागं सरकलेला. स्प्रिंगची बंदूक मागंही ढकलते आणि पुढंही, साधे स्क्रू तिच्यापुढं टिकत नाहीत. सगळं सोडवलं, आडव्या-उभ्या रेषा गवंड्याच्या ओळंब्यावर जुळवल्या, स्क्रू आलटून पालटून आवळले, पेन्सिलीची खूण केली आणि पहिल्यापासून सुरुवात. बंदूक घट्ट धरायची नाही हेही तेव्हाच कळलं. पोत्यावर उघडा तळहात, त्यावर ती नुसती ठेवायची.

शेजारचे काका धुऱ्यावरून आले. "काय करून राह्यला बे? यानं रोही मरते का?" रोही म्हणजे नीलगाय.

"काका, नुसती जखम होईल तिला. अन् १९७२ चा वन्यजीवांचा कायदा आहे, आपल्याला जेलात घालाल."

आता दस्त्यावर चिठ्ठी चिकटवलीय: ५ मीटरला दीड सेंटिमीटर खाली, १० ला बरोबर, २० ला सेंटिमीटरभर वर, २५ ला पुन्हा बरोबर.

काकांनी ती वाचली नाही. पाच पावलांवर काडेपेटी ठेवली, डोळा लावला, मारलं. काडेपेटी जागची हलली नाही, खालची माती उडाली.

"तुझा स्कोप बिघडला रे," काका म्हणाले.